चर्चच्या दारातली मोहरी

“अहो साहेब, मोहरीचं झाड कुठं पाह्यलं तुमी?”

भागाबाई साळवे भर उपदेशात उठून उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, हात कमरेवर. शेतात मजुरांसमोर उभ्या राहतात तशा. समोर व्यासपीठावर माझे यजमान, नवेकोरे रेव्हरंड शांतवन अमोलिक, तळहातावर मोहरीचा एक दाणा धरून तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबले. लग्नाला चार महिने झाले होते आणि जांभुळखेडला येऊन पाच आठवडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या, तशी मी सतरंजीवर बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले.

येशूचा तो दृष्टान्त सगळ्यांना पाठ असलेला. मोहरीचा दाणा सगळ्यांत लहान, पण पेरला की त्याचं झाड होतं आणि आकाशातली पाखरं येऊन त्याच्या फांद्यांवर बसतात. विश्वासाचंही तसंच. अमोलिकांनी दाणा पांढऱ्या रुमालावर ठेवून सगळ्यांमधून फिरवला होता. प्रत्येकानं तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. भागाबाईंनी तर नाकाशीही नेला होता.

“मी दरसाल हरभऱ्याच्या कडंनी मोहरी टाकते,” त्या म्हणाल्या. “कमरेला लागंल येवढी होती. त्याच्यावर पाखरू बसलं तर काडी वाकून पाखरूच खाली यायचं. आमाला शेतकऱ्यांना हे नका सांगू.”

पलीकडच्या सतरंजीवरून पाथरे गुरुजी खाकरले. निवृत्त शिक्षक, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री, पावसाळा संपला तरी. “प्रभूच्या देशातली मोहरी वेगळ्या जातीची असते,” ते छताकडे बघत म्हणाले. भागाबाईंशी ते थेट बोलत नसत. छताशी बोलत.

“मग त्या देशातलं बी आना म्हनावं,” भागाबाई भिंतीला म्हणाल्या.

जांभुळखेडच्या मंडळीचं सगळं दुखणं या दोन वाक्यांत होतं. नऊ वर्षांपूर्वी कापणीच्या सणाला वेदीसमोर पिकाची मांडणी करताना गुरुजींच्या वांग्यांची पाटी पुढं आली आणि भागाबाईंचा भोपळा मागं गेला. तेव्हापासून साळवे डाव्या सतरंजीवर, पाथरे उजव्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, असे, तर एका महिन्यात साळवे घेत आणि पाथरे उठून बाहेर जात, दुसऱ्या महिन्यात पाथरे घेत आणि साळवे बाहेर. दोघांच्या मधे चेंगरायला नको म्हणून बाकीची घरं यायचीच बंद झाली. मंडळीच्या वहीत साठ नावं होती आणि सतरंजीवर चौदा माणसं. नगरच्या वरिष्ठ पाळकांनी, हिवाळे साहेबांनी, आम्हाला पाठवतानाच बजावलं होतं: फेब्रुवारीतल्या कापणीच्या सणापर्यंत मंडळी सावरली नाही, तर जांभुळखेडचं चर्च बंद. मग अमोलिकांना कुठंतरी कचेरीत टेबलखुर्ची.

आणि अमोलिकांना टेबलखुर्चीचीच भीती होती. तसा लाजाळू माणूस. चारचौघांत बोलताना घामेजायचे. पण पाळक व्हायचं हे त्यांनी नऊ वर्षांचे असताना ठरवलं होतं, आणि त्या एका गोष्टीपुढं त्यांची लाज हरली होती.

त्या दिवशी मात्र त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्यांनी दाणा मुठीत घेतला आणि म्हणाले, “भागाबाई, हाच दाणा मी आत्ता चर्चच्या दारात पेरतो. कापणीच्या सणाला, सगळ्यांच्या देखत, त्याच्यावर पाखरू बसेल. नाही बसलं, तर मी पुन्हा या व्यासपीठावर उभा राहणार नाही.”

मी डोळे उघडले. एवढं मोठं वाक्य ते न अडखळता बोलले होते आणि बोलायला निवडलं होतं ते हे!

उपासना संपल्यावर चौदाच्या चौदा माणसं दाराशी जमली. दाराजवळ विटांचं एक गोल आळं होतं. त्यातली जास्वंद केव्हाच वाळून गेली होती. अमोलिकांनी बोटानं मातीत खळगा केला, दाणा टाकला, तांब्याभर पाणी घातलं. मग नेहमीप्रमाणे दारात उभं राहून त्यांनी एकेकाशी हात मिळवला. भागाबाई सगळ्यांत शेवटी. त्यांनी अमोलिकांना खाली वाकायला लावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. अमोलिकांचा चेहरा एकदम उतरला, मग हळूहळू हसू आलं. बाईंनी माफी मागितली वाटतं, असं मला वाटलं आणि जरा बरं वाटलं.

ते बरं वाटणं घरी पोचेपर्यंत टिकलं.

स्वयंपाकघरात शिरले आणि फोडणीसाठी मोहरीचा डबा काढला. झाकण घट्ट, डबा काठोकाठ, सकाळपासून कुणी हात लावलेला नाही. सकाळी मी पीठ मळत असताना अमोलिकांनी विचारलं होतं, “सलोमी, मोहरी कुठं आहे?” मी हात पिठात म्हणून मानेनंच फळीकडं खूण केली होती. फळीवर डब्याच्या शेजारी वाटी होती. वाटीत लिंबाच्या लोणच्यासाठी आदल्या दिवशी कढईत खमंग भाजून ठेवलेली मोहरी. आणि वाटीवरची ताटली सरकलेली.

भाजलेला दाणा! तो काय उगवणार, कपाळ?

अमोलिक पाटावर बसून मिटक्या मारत जेवत होते. “आज पहिल्यांदा मला वाटलं, की मी इथला पाळक आहे,” ते म्हणाले. मी त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. माणूस असा भरल्या ताटावर आनंदात बसलेला असताना त्याला कसं सांगायचं, की तुमच्या बायकोनं तुमचा दृष्टान्त आधीच भाजून ठेवला होता?

मी ठरवलं, गुपचूप दुसरा दाणा टाकायचा. हाय काय नि नाय काय!

पण ते आळं रिकामं सापडेल तर शपथ. एरवी ओस पडलेल्या त्या दारात सोमवारी सकाळपासून वर्दळ. पाथरे गुरुजी छत्रीच्या टोकानं मातीचा अंदाज घेऊन गेले. साळव्यांची थोरली सून विहिरीवरून येताना घागरीतलं ओंजळभर पाणी टाकून गेली. रस्त्यापलीकडं दगडू शिंप्याचं दुकान. तो मंडळीतला नव्हे, पण शिलाईयंत्र थांबवून दर तासानं येऊन बघायचा. “काही हालचाल?” असं मला विचारायचा, जसं काही घरात बाळंतीण आहे.

दुपारी एकच्या सुमाराला सगळं गाव जेवून लवंडलं, तेव्हा मी पदराखाली मूठ लपवून गेले. ऊन रणरणत होतं. अमोलिक आत चर्चमध्ये काहीतरी वाचत बसले होते. मी आळ्याशी वाकले. एक दाणा टाकणार होते, पण मनात आलं, हाही नाही उगवला तर? म्हणून दोन घेतले. मग म्हटलं, एखादा किडका निघायचा. शेवटी सगळी चिमूट भुरभुरली, माती सारखी केली आणि इकडंतिकडं न बघता घरी पळाले. माती सारखी करताना एक गोष्ट खटकली होती, की तिथं आधीच कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते. पण मी लक्ष दिलं नाही.

शनिवारी सकाळी चर्चची घंटा घणघणायला लागली. अवेळी घंटा म्हणजे कुणीतरी गेलं, असा आमच्याकडं अर्थ. मी हातातलं टाकून धावले. साळवे धावले, पाथरे धावले, दगडू शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून धावला. बघतो तर अमोलिक घंटेचा दोर ओढताहेत आणि तोंडभर हसताहेत.

“उगवलं!” ते म्हणाले.

आळं हिरवंगार झालं होतं. दोन दोन पानांची इवली इवली रोपं, खेटून, दाटीवाटीनं, जत्रेला आल्यासारखी. पाथरे गुरुजींनी चष्मा पुसला, खाली बसले आणि छत्रीच्या टोकानं मोजायला लागले. दोनदा मोजली.

“सदतीस,” ते उठत म्हणाले. “एका दाण्याला सदतीस रोपं. हे शास्त्राला धरून नाही.”

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. अमोलिक मात्र नुसते हसत उभे. शेवटी भागाबाईंनी पदर सावरला.

“एक माझा हाय,” त्या म्हणाल्या. “नव्या मानसाची फजिती नको म्हनून टाकला. इतवारीच टाकला, सांजच्याला.”

गुरुजींची छत्री हवेतच थांबली. त्यांनी चर्चच्या कौलांकडं पाहिलं. “एक माझाही आहे,” ते कौलांना म्हणाले. “सोमवारचा. पाळकांची प्रतिष्ठा ती मंडळीची प्रतिष्ठा.”

मग बांध फुटल्यासारखं झालं. साळव्यांच्या सुनेनं एक टाकला होता, घागर रिकामी करायच्या निमित्तानं. गुरुजींच्या पत्नीनं एक, नवऱ्याला न सांगता. दगडू म्हणाला, “मी तर तुमच्यातला नाही, पण रोज बघून बघून जीव राहिना. एक टाकला.” दोन वर्षांत चर्चची पायरी न चढलेल्या घरांतली माणसंही पुढं येऊन ‘एक’, ‘एक’ म्हणू लागली. सगळ्यांबरोबर मीही बारीक आवाजात म्हटलं, “एक.” एकूण एकोणीस कबुल्या झाल्या. उरलेल्या अठरा रोपांना कुणी वाली निघाला नाही. हसून हसून पुरेवाट झाली.

अमोलिकांनी त्या वेळी कुणालाच विचारलं नाही, की तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता का. मला ते तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं.

हसणं ओसरलं आणि भागाबाईंच्यातला शेतकरी जागा झाला. “इतकी दाटी ऱ्हायली तर एकबी धड व्हायचं नाय. सगळी काडीवानी वाढतील. इरळनी केली पायजे. एक ठेवायचं, बाकी उपटायची.”

“साळव्यांनी आळ्याला हात लावायचा नाही,” गुरुजी कौलांना म्हणाले. “आमचं उपटतील आणि आपलं ठेवतील.”

“तुमचं कोन्तं, ते दावा की!” बाई भिंतीला म्हणाल्या.

गुरुजींनी खाली वाकून पाहिलं. उजवीकडनं पाहिलं, डावीकडनं पाहिलं. सदतीस रोपं, सगळी एकसारखी. पण हार मानतील ते गुरुजी कसले? “वेळ आली की दाखवू,” असं म्हणून ते आळ्याजवळच ठाण मांडून बसले.

पुढचे तीन आठवडे जांभुळखेडच्या चर्चच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावेत असे. साळवे रोपं उपटतील म्हणून पाथरे पाळतीवर, पाथरे उपटतील म्हणून साळवे पाळतीवर. उपासनेच्या वेळी तर धोका सर्वांत जास्त. सगळे आत डोळे मिटून बसलेले असताना कुणी बाहेर हात मारला तर? म्हणून रविवारी दोन्ही घराण्यांतलं लेकरूबाळ झाडून हजर व्हायला लागलं आणि प्रार्थनेत अर्ध्या मंडळीचा एक डोळा उघडा असायचा. ज्यांनी एकेक दाणा टाकला होता ती बाकीची घरंही आपलं रोप बघायला आली आणि आलोच आहोत तर म्हणून आत बसली. दुसऱ्या रविवारी सव्वीस माणसं. तिसऱ्या रविवारी एकतीस. विश्वासानं एकही आला नव्हता, सगळे संशयानं आले होते. मी अमोलिकांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, “आले ना?”

रोपं वीतभर झाली, पानाला पान भिडलं, बुडं पिवळी पडायला लागली. भागाबाई तळमळत होत्या. “अजून आठ दिस गेले तर समदीच मरतील,” त्यांनी मला सांगितलं. कधी नव्हे ते त्यांचे डोळे भरले होते. “आन मग सायबांनी शबूद पाळला तर? पोराला बोलता येत नाय धड, पन मन लावून बोलतो. म्या तोंड घातलं नसतं तर बरं झालं असतं.”

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. प्रभुभोजनाचा. त्या महिन्यात पाळी पाथऱ्यांची. अमोलिकांनी वेदीवर भाकर आणि द्राक्षरस मांडला, त्यावर पांढरं वस्त्र घातलं, आणि साळवे उठायच्या बेतात असतानाच म्हणाले, “आज आधी विरळणी. सगळे बाहेर चला.”

आळ्याभोवती कडं झालं. अमोलिकांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज ठीक होता. “एकच रोप ठेवायचं आहे,” ते म्हणाले. “ते निवडणार दोघं. भागाबाई, तुम्ही पाथऱ्यांचं रोप राखायचं. गुरुजी, तुम्ही साळव्यांचं राखायचं. बाकीची उपटायची.”

“आमी त्यांचं कसं वळखायचं?” भागाबाई म्हणाल्या.

“चांगलं दिसेल ते त्यांचं समजा.”

दगडूही यंत्र बंद करून आला होता. मग भागाबाई एका अंगानं वाकल्या आणि गुरुजी दुसऱ्या अंगानं. काळी टोपी आणि पांढरा अंबाडा यांच्यात वीतभरही अंतर राहिलं नाही. नऊ वर्षांत ते दोघं इतके जवळ आले नव्हते. दोघांनी पानं हलक्या हातानं बाजूला केली, बुडं चाचपली, आणि दोघांची बोटं एकदमच मधल्या एका रोपावर येऊन थांबली. जाड बुडाचं, गडद पानांचं, ताठ.

“हे साळव्यांचं,” गुरुजी म्हणाले.

“हे तुमचं हो गुरुजी,” भागाबाई म्हणाल्या.

भिंतीला नाही, कौलांना नाही. एकमेकांना. बोलून गेल्यावर दोघांच्याही ते लक्षात आलं. गुरुजींनी उगाचच टोपी काढली, पुन्हा घातली. भागाबाईंनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, “मधलंच ऱ्हाऊ द्या. चला, उपटा बाकीची, बघत काय बसलात?”

छत्तीस रोपं उपटून माझ्या ओच्यात पडली. आम्ही हातपाय धुऊन परत आत गेलो. अमोलिकांनी वेदीवरचं वस्त्र काढलं, आणि त्या दिवशी कुणीच उठून बाहेर गेलं नाही. सतरंज्या दोनच होत्या, पण पुढं येताना लोक कुठल्या सतरंजीवरून आले हे कळेनासं झालं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही.

दुपारी मी त्या कोवळ्या पानांची लसूण घालून भाजी केली. छत्तीस रोपांची भाजी ती केवढी होणार? शिजल्यावर वाटीभर. साळव्यांकडून भाकरी आल्या, पाथऱ्यांकडून ठेचा आला, आणि चर्चच्या अंगणात बसलेल्या पंगतीत मी प्रत्येकाच्या भाकरीवर चिमूट चिमूट भाजी ठेवत गेले. दगडू शिंप्यानं दोनदा मागून घेतली.

एकटं राहिलेलं रोप मग असं काही फोफावलं की विचारू नका. भागाबाईंनी शेणखत घातलं. माव्याची कीड पडली तेव्हा गुरुजींनी तंबाखूचं पाणी फवारलं. दगडूनं चिंध्यांच्या पट्ट्या फाडून काठीला सैल बांध दिला. नाताळात झाड पिवळंधमक फुललं. फेब्रुवारीत शेंगांनी लगडलं, तेव्हा ते गुरुजींच्या टोपीपेक्षा हातभर उंच होतं आणि फांद्या चारी अंगांनी पसरल्या होत्या. भागाबाई दर दोन दिवसांनी त्याच्याशेजारी उभ्या राहून स्वतःची उंची बघत आणि मान हलवत.

फक्त एकच झालं नव्हतं. पाखरू बसलं नव्हतं. बसणार कसं? सकाळ-संध्याकाळ झाडाभोवती माणसांचा गराडा. चिमण्या कौलांवर बसून लांबूनच बघायच्या.

कापणीच्या सणाला नगरहून हिवाळे साहेब आले. चर्च खचाखच भरलं. वेदीसमोर ज्वारीची कणसं, ऊस, हरभऱ्याचे डहाळे, आणि मधोमध भोपळ्याला टेकून वांग्यांची पाटी. हिवाळे साहेबांनी माणसं मोजली. त्रेसष्ट. भुवया वर गेल्या. पण मंडळीचं त्यांच्याकडं लक्षच नव्हतं. सगळ्यांच्या माना दाराकडं वळलेल्या. ती पैज आता सगळ्यांना आठवत होती. अमोलिक आपला शब्द मागं घेणार नाहीत हे चार महिन्यांत सगळ्यांना कळून चुकलं होतं.

भागाबाईंनी सूत्रं हातात घेतली. बाहेर रेंगाळणाऱ्या सगळ्यांना आत कोंबलं, दार बोटभर फट ठेवून ओढून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्रेसष्ट माणसं चिडीचूप. तान्ही बाळंसुद्धा दबकल्यासारखी. हिवाळे साहेब उपदेशाला उभे राहिले आणि त्या शांततेनं भारावूनच गेले.

“एवढी भक्तिपूर्ण शांतता,” ते म्हणाले, “मी नगरातसुद्धा अनुभवलेली नाही.”

फटीशी गुरुजी बसले होते, एक डोळा लावून. त्यांनी मान हलवली. नाही.

उपदेश अर्धा तास चालला. गुरुजींची मान नाहीच म्हणत होती. अमोलिक वेदीशेजारी हात जोडून बसले होते, आणि मी बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही भीती नव्हती. शेवटी हिवाळे साहेबांनी दोन्ही हात उंचावले, डोळे मिटले आणि समारोपाची प्रार्थना सुरू केली. “हे परमेश्वरा, या लहानशा मंडळीवर तुझा आशीर्वाद उतरू दे. या क्षणी उतरू दे...”

“बसली!” गुरुजी ओरडले. “बसली हो बसली!”

“दोन हायेत, दोन!” भागाबाईंनी दार सताड उघडलं.

शेंगा टोचणाऱ्या दोन चिमण्या अर्थातच भुर्रकन उडाल्या, पण फांदी अजून झुलत होती आणि निम्म्या मंडळीनं ती पाहिली. एकच कल्ला झाला. कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी ढोलकीवर थाप मारली, गुरुजी आणि भागाबाई एकमेकांचे हात धरून उभे. हिवाळे साहेब हात वर तसेच ठेवून डोळे उघडून बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांच्या प्रार्थनेचं एवढं रोकडं उत्तर त्यांना मिळालं नसावं. नगरला गेल्यावर त्यांनी जांभुळखेडविषयी काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण आम्ही तिथं अकरा वर्षं राहिलो.

या गोष्टीला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. भागाबाई गेल्या, गुरुजी गेले. दोघांच्याही मातीला अमोलिकच उभे राहिले. आता आम्ही पुण्यात लेकीजवळ दोन खोल्यांत असतो. परवा मी लिंबाचं लोणचं घालायला मोहरी भाजत होते. खमंग वास सुटला आणि माझं मन एकदम भरून आलं. म्हातारपणी पोटात गोष्टी राहत नाहीत.

“अहो,” मी म्हटलं, “एक सांगायचंय. तुम्ही जांभुळखेडला पेरलेला तो दाणा भाजका होता. माझ्या लोणच्याचा. मी कधी बोलले नाही.”

अमोलिकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. “मला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“पेरल्यानंतर पाच मिनिटांपासून. भागाबाईंनी वासावरून ओळखलं होतं. दारात माझ्या कानात म्हणाल्या, साहेब, दाणा भाजका हाय, मी सांजच्याला दुसरा टाकते, तुमी गुमान पानी घाला.”

झारा माझ्या हातातच राहिला. “आणि तुम्ही पाणी घालत राहिलात?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं गुरुजी आले होते. मग साळव्यांची सून. मग तो शिंपी. पाच आठवड्यांत रविवारखेरीज त्या दारात इतकी माणसं आली नव्हती, सलोमी. दाणा मेलाय म्हणून सांगितलं असतं तर सगळी घरी गेली असती. म्हटलं, बघू या काय होतं.”

“तुम्ही स्वतः टाकला होता का एखादा?”

“एकही नाही. गरजच पडली नाही. खिडकीतून दिसायचं ना सगळं.” ते गालातल्या गालात हसायला लागले. “सोमवारी भर उन्हात एक बाई पदराखाली मूठ लपवून आली होती. एक दाणा टाकायला माणूस एवढा वेळ वाकत नाही. आणि मग कबुलीच्या वेळी म्हणते कशी, एक!”

“सगळेच एक म्हणत होते,” मी म्हटलं. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांतून पाणीही. चव्वेचाळीस वर्षं मी या माणसाची लाज राखत होते आणि हा माणूस माझी.

“म्हणजे उरलेली अठरा रोपं तुझीच!”

“अठरा नसतील,” मी म्हटलं. “भागाबाईंनीही चिमूटच टाकली असणार. आणि गुरुजींनी दोनतीन तरी.”

अमोलिक उठले. गुडघे धरत स्वयंपाकघराच्या फळीशी गेले, मोहरीच्या डब्यातून एक दाणा काढला आणि गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीकडं निघाले. दाराशी थांबून त्यांनी तो दाणा आधी नाकाशी नेला, नीट वास घेतला आणि मग मातीत घातला.